चौकातला उजेड

नमस्कार, श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या एका कोर्टाबद्दल सांगणार आहे. ॲलेगेनी काउंटीचं हे कोर्ट. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा म्हणा ना.

१८८२ साली इथलं जुनं कोर्ट जळालं आणि नव्याचं काम हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाकडे आलं. गाव लोखंड-पोलादाचं. भट्ट्यांचा धूर एवढा, की दिवसासुद्धा अंधारून यायचं. अशा ठिकाणी तारखेची वाट बघत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांना उजेड कुठून मिळणार आणि हवा तरी कुठून? रिचर्डसननं इमारतीच्या पोटात मोठा मोकळा चौक ठेवला. आपल्या वाड्यांना असतो तसाच. दालनांना रस्त्याकडूनही उजेड आणि चौकाकडूनही. आणि समोरचा तो उंच मनोरा नुसता दिमाखासाठी नव्हता. धुराच्या वरची स्वच्छ हवा त्याच्या माथ्यावरून आत ओढून खाली खोल्यांमध्ये पोचवायची, हे त्याचं काम. या इमारतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

चिरे फिकट गुलाबी झाक असलेल्या ग्रॅनाइटचे, दर्शनी बाजू मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली. हात टेकवला तर तळव्याला टोचते. आतल्या जिन्यावर मात्र एकीमागून एक अशा कमानी, आणि त्यांची वळणं अगदी सफाईदार.

दारातून शिरताना मात्र मन खट्टू होतं. १९१३ मध्ये टेकाड छाटून समोरचा रस्ता खाली नेला आणि कोर्टाचं तळघर उघड्यावर आलं. मग पायऱ्या बांधल्या, पण पुढे रस्ता रुंद करताना त्याही काढल्या. आज आपण आत जातो ते एके काळच्या तळघरातून. रिचर्डसननं योजलेला प्रवेश डोक्यावर राहतो. रस्त्यासाठी एवढी किंमत मोजायला नको होती.

मागच्या बाजूला तुरुंग, तोही त्याचाच. दोन्हींना जोडणारा रस्त्यावरचा दगडी कमानीचा पूल व्हेनिसमधल्या पुलासारखा, नावही तेच: उसाशांचा पूल. कैदी कोर्टात यायचे ते त्यावरून. १९९५ साली हा तुरुंग बंद झाला, आता तिथं कौटुंबिक न्यायालय भरतं.

१८८८ मध्ये कोर्ट पुरं झालं, ते रिचर्डसनच्या सहकाऱ्यांच्या हातून. तो १८८६ च्या एप्रिलमध्येच गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी.

पिट्सबर्गला कधी गेलात, तर आधी चौकात जा. कारंज्यापाशी थांबा आणि चारी बाजूंच्या खिडक्या बघत बघत मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत नजर न्या. हवा तिथूनच यायची.