अंगाला हात लावू देण्याआधी

नमस्कार मंडळी. बेळगावकरांना मालिश काही नवी नाही. तालमीत वस्ताद पोटरीवर अंगठा टेकवायचे आणि विचारायचे, "काल बैठका जास्त मारल्यास काय रे?" बाळंतिणीचं अंग चोळणारी बाईसुद्धा वाड्यातलीच. त्यांना आपलं अंग पाठ असायचं. आता आपण फोनवर वेळ ठरवतो आणि अनोळखी माणसासमोर पालथे पडतो. त्याला तुमचं काहीच ठाऊक नसतं, म्हणून सांगायचं काम तुमचंच.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, जोराच्या दाबानं काळंनिळं पडतं. साखरेमुळं तळपाय बधिर असतील तर गरम तेल पोळलेलंही कळत नाही. गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं. ताप असेल किंवा अंगावर नायटा, फोड असतील तर वेळ पुढं ढकला.

आणि एक नीट ऐका. एकच पोटरी सुजलीय, दुखतेय, हाताला गरम लागतेय, तर ती चोळून घेऊ नका. आतल्या शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. तडक दवाखाना गाठा. निपाणीकडं दिवसभर मान घालून विड्या वळणाऱ्या बाया आहेत, वडगावात मागावर बसणारे विणकर आहेत. त्यांची मान-पाठ आखडते, तिला मालिशनं आराम पडतो. पण हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर ते तेलाचं काम नव्हे.

सलूनमधली ती 'कट्' आवाजाची मान? मी तरी सोडली. मानेला अचानक हिसका बसला तर मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण होतं.

फोनवर लाजू नका. मालिश करणारा पुरुष की बाई, शिकला कुठं, चादर प्रत्येकाला धुतलेली का, तासाभरात कपडे बदलायची वेळ धरलीय का, सगळं विचारा. कपडे किती काढायचे ते तुम्ही ठरवायचं. नकोसं वाटलं तर मध्येच उठायचं, पैसे दिले म्हणून सोसायचं नाही. समोरचा कानडी असला तर 'साकु' म्हणजे पुरे, 'नोवु' म्हणजे दुखतंय. 'सावकाश' दोन्हीकडं चालतं.

जेवून लगेच जाऊ नका. अजीर्णात अभ्यंग नको, असं आयुर्वेदही सांगतो. मी एकदा रविवारचं मटण ओरपून गेलो होतो आणि पालथं पडल्यावर जे झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

येताना तळपायाचं तेल नीट पुसा. पावसाळ्यात बाईकच्या ब्रेकवरून पाय सटकतो.