वीस तासांवरून एकवीस

(दृश्य: पगाराची पावती. कॅमेरा 'ग्रॉस' रकमेवर थांबतो.)

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची डिसॅबिलिटी, म्हणजे एसएसडीआय हा अपंगत्वाचा भत्ता, चालू असताना अर्धवेळ काम करता येतं आणि तास वाढवताही येतात. नोकरीत मोजले जातात तास, सोशल सिक्युरिटी मात्र मुख्यतः महिन्याची कमाई बघते, तीही कर कापण्याआधीची. हातात पडलेल्या पगारावर हिशेब मांडला, की तो पहिल्याच पायरीला चुकतो.

२०२५ साली महिन्याच्या कमाईच्या दोन रेषा होत्या: १,१६० डॉलर आणि १,६२० डॉलर. पुढची उदाहरणं याच आकड्यांवर आहेत. दृष्टिहीनांसाठी दुसरी रेषा २,७०० वर होती. आकडे दर जानेवारीत बदलू शकतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या कागदावर विसंबू नये.

पहिली रेषा 'ट्रायल वर्क पिरियड'ची, म्हणजे काम करून बघण्याच्या मुदतीची. महिन्याची कमाई या रेषेच्या वर गेली, की एक ट्रायल महिना खर्ची पडतो. असे नऊ महिने मिळतात. ते सलग नसले तरी चालतात, फक्त लागोपाठच्या कोणत्याही ६० महिन्यांत नऊ भरले की संपले. या महिन्यांत कमाई कितीही झाली तरी भत्ता पूर्ण मिळतो. १,१७० कमावले तरी एक महिना जातो, ४,००० कमावले तरी एकच. त्यामुळे तब्येत साथ देत असेल तर ट्रायल महिने रेषेच्या जेमतेम वर राहून उधळण्यात अर्थ नाही.

(दृश्य: एप्रिल २०२५ चं कॅलेंडर. मंगळवार आणि बुधवारवर खुणा.)

ते नकळत कसे जातात, पाहा. तासाला १८ डॉलर, मंगळवारी सात तास, बुधवारी सात तास. चार-चार पाळ्यांच्या महिन्यात १,००८ डॉलर होतात. एप्रिल २०२५ मध्ये मंगळवार पाच आले, बुधवारही पाच. कमाई झाली १,२६०. एकही तास वाढवला नव्हता, तरी ट्रायल महिना गेला. इथे पगार जमा कधी झाला यापेक्षा काम कधी केलं, ते महत्त्वाचं. पण कामाच्या तारखांचा पुरावा हाताशी नसेल, तर पगार मिळाला तोच महिना धरला जाऊ शकतो. म्हणून पाळ्यांची वही ठेवावी.

नऊ महिने संपले, की पुढच्या ३६ महिन्यांसाठी दुसरी रेषा लागू होते, आणि खरा कडा इथे आहे. एसएसआय या दुसऱ्या योजनेत दुसरं उत्पन्न नसेल तर पगारातले पहिले ८५ डॉलर सोडून उरलेल्याच्या निम्मी रक्कम भत्त्यातून कापतात. तोच नियम इथे लावून लोक फसतात. एसएसडीआयमध्ये भत्ता एक तर पूर्ण, नाही तर शून्य. १८ डॉलरने आठवड्याला २० तास केले तर महिन्याला सरासरी १,५६० डॉलर. २१ तास केले तर १,६३८. जास्तीचे मिळाले ७८ डॉलर, आणि थांबला अख्खा भत्ता, मुलांना त्याच खात्यावर मिळणाऱ्या रकमेसकट. पहिल्यांदा रेषा ओलांडली तो महिना आणि पुढचे दोन महिने मात्र भत्ता मिळतो.

या कड्यावर एक वाट आहे. आजारपणामुळे, पण काम करता यावं म्हणून स्वतःच्या खिशातून केलेला खर्च मंजूर झाला तर कमाईतून वजा होतो: औषधांचा आपला वाटा, खास वाहन, उपकरणं. महिन्याला असे ६० डॉलर जात असतील तर १,६३८ चे १,५७८ होतात आणि भत्ता वाचतो. भरपगारी रजेचे पैसेही इथे धरत नाहीत. ट्रायल महिना मोजताना मात्र खर्चाची ही वजावट चालत नाही.

तेव्हा तासांना हो म्हणण्याआधी सोशल सिक्युरिटीकडून 'बेनिफिट्स प्लॅनिंग क्वेरी', म्हणजे आपल्या भत्त्याच्या नोंदींचा अहवाल, मागवावी. किती ट्रायल महिने गेले, ते त्यात दिसतं. अपंगांना कामाला लागायला मदत करणाऱ्या 'टिकिट टू वर्क' योजनेच्या हेल्पलाइनवरून मोफत सल्लागाराचा पत्ता मिळतो. तास किंवा पगार बदलला की लगेच कळवावं आणि कळवल्याची पोच घ्यावी. नुसतं फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

कळवल्यावरही भत्ता येत राहू शकतो, कारण फाइल हातात घेईपर्यंत कार्यालयाला महिने लागतात. ते पैसे वेगळे ठेवावेत. नंतर ओव्हरपेमेंटचं, म्हणजे जास्त दिलेले पैसे परत मागणारं, पत्र आलं आणि आकडाच चुकीचा वाटला, तर ६० दिवसांत अपील करावं. आकडा बरोबर आहे, पण चूक आपली नाही आणि परतफेड झेपणारी नाही, असं असेल तर ६३२ क्रमांकाचा माफीचा अर्ज भरावा.

वाढवलेले तास अंगावर आले तर? त्या ३६ महिन्यांत कमाई रेषेखाली आली, की नवा अर्ज न करता भत्ता पुन्हा सुरू होतो. त्यानंतर कामामुळे हक्कच संपला, तरी पाच वर्षांच्या आत जलद पुनःस्थापनेची मागणी करता येते आणि निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरता भत्ता मिळू शकतो. अपंगत्व कायम असेल तर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ट्रायल संपल्यावर किमान ९३ महिने चालू राहतं. विम्याच्या धास्तीने तास नाकारणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.