परडं आखावं पावसाला विचारून

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बागेवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठली झाडं लावू?' तो आपण शेवटाकडे ठेवू. आधी पाणी. आपला बेळगाव जिल्हा पाण्याच्या बाबतीत एक नाहीच. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकर आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. पावसाळी खानापूरच्या पाहुण्याकडची बाग बघून कोरड्या रायबागला तशीच उठवायला गेलात, तर पैसे जातील आणि पाहुण्याशी बोलणंही बंद होईल.

बागेच्या ज्या शैली आपण चित्रात बघतो, त्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी पाणीच आहे. चारबाग घ्या. चौकोनाचे चार भाग आणि मधून पाट. ही कोरड्या मुलखातली युक्ती. बाबर हिंदुस्थानात आला आणि इथं वाहतं पाणी नाही म्हणून कुरकुरत बसला. पण १५२६ नंतर लगेच आग्र्यात यमुनेकाठी त्यानं बाग आखायला घेतली. पाटाचं पाणी डोळ्याला गारवा देतं आणि वाफ्यालाही पोचतं. अथणी-रायबागकडच्या माणसाला ही शैली परकी वाटू नये. आपला ऊसवाला पाट काढतो तेव्हा तो हेच करत असतो, फक्त कडेला गुलाब नसतात.

उलट हिरवळ, म्हणजे लॉन, ही इंग्लंडच्या हवेची देणगी. तिथं पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. आपला सगळा चार महिन्यांत येऊन मोकळा होतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला आठवड्याला पंचवीसेक मिलिमीटर लागतं असं धरा. दहा बाय दहा फुटांचा तुकडा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे आठवड्याला २३० लिटर. एप्रिलमध्ये नळ कधी येतो ते तुम्हाला माहीत आहे. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या बंगल्यांची गोष्ट वेगळी, तिथं आवार मोठं आणि माळी हाताशी असायचा. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर हिरवळ म्हणजे हौस नव्हे, हट्ट आहे. तेवढ्या पाण्यात चार फळझाडं जगतात.

आता माती. इथं मी जरा रेंगाळणार आहे. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची माती. पाणी झटकन खाली जातं, माती आम्लधर्मी असते आणि घातलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. तिथं दरवर्षी शेणखत आणि पाचोळ्याचं आच्छादन, याला पर्याय नाही. पूर्वेला काळी माती. उन्हात भेगाळते, पावसात पाणी अडवते, आणि चुनखडी असेल तर लोह झाडाला मिळू देत नाही. म्हणून अनंत किंवा एक्झोरा खानापूरला तुकतुकीत दिसतो आणि काळ्या मातीत त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक म्हणतात रोग पडला, आणि फवारतात. रोग नसतो. काळ्या मातीतच राहायचं तर अनंत कुंडीत लावा, तांबडी माती आणि कुजलेलं खत घालून.

स्वतःची जमीन ओळखायला प्रयोगशाळाच पाहिजे असं नाही. फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाभरात गेलं तर झाडाभोवतीची आळी खोल करा आणि आच्छादन जाड घाला. सकाळी बघता ते उभंच असेल तर गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, करा, नाहीतर जुलैत मुळं कुजणार.

मग शैली निवडायचीच नाही का? निवडा, पण तिचा गुण घ्या, सोंग घेऊ नका. जपानी बागेत एक सुंदर युक्ती आहे, लांबचा डोंगर आपल्या बागेत ओढून घेणं. येळ्ळूरकडे राहणाऱ्याला गच्चीतून राजहंसगड दिसतो. मधली कंपाउंडची भिंत आणि तारा झुडपांनी झाका, गडाच्या दिशेला तेवढी फट मोकळी ठेवा. फुकटात डोंगर मिळाला. प्लॅस्टिकचा बगळा आणि सिमेंटचा पूल घेण्यापेक्षा हे बरं.

दुसरा गुण क्रुम्बिगेल या बागा आखणाऱ्या जर्मन माणसाचा. तो आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे होता, नंतर बंगळूरच्या लालबागेत आला. त्यानं रस्त्याकडेची झाडं अशी निवडली की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. हे घरच्या अंगणात सहज जमतं. मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरअखेर तोडा, छाटणी करा, की मार्चपासून कळ्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे अनंत. गौरीला तेरडा, तेव्हाच प्राजक्ताचा सडा. झेंडूचं बी दसऱ्याच्या सत्तर दिवस आधी टाका. थंडीत शेवंती, पण तिला रात्र मोठी आणि काळोखी लागते. रस्त्याचा दिवा रात्रभर वर जळत असेल तर ती नुसती पानं वाढवते. कुंडी असेल तर उचलून मागल्या बाजूला न्या.

आणि मागल्या बाजूला काय असतं? आपलं परडं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या लांबट घरांत मागचं दार उघडलं की मोरीचं पाणी, त्यावर अळू, केळ, कर्दळ, जरा उंचावर हळद, दाराच्या हाताशी कढीपत्ता. माझ्या मते ही पूर्ण शैली आहे. वापरायचं ते जवळ, ओलं मागणारं ओलीत, कोरडं सोसणारं कडेला. फक्त आता साबण बदललाय. कपड्यांचं पहिलं पाणी गटारात सोडा, दुसरं-तिसरं खळबळलेलं बागेला घ्या. पावडरीतलं सोडियम काळ्या मातीला तर फारच घट्ट करतं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, 'आमच्याकडे फक्त गच्ची आहे.' मग दोन गोष्टी. बेळगाव शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजार चौरस फूट गच्चीवर नव्वद हजार लिटरहून जास्त पाणी येतं. त्यातलं थोडं तरी टाकीत उतरवा. आणि भिजलेली माती फार जड असते, म्हणून मोठी कुंडी स्लॅबच्या मधोमध नको. खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवा. कुंडीखाली विटेचे तुकडे सारा, म्हणजे पाणी तुंबत नाही आणि ओल येतेय का ते वाकून बघता येतं. मातीत कोकोपीट आणि गांडूळखत निम्म्यानं मिसळा, वजन उतरेल. लिंबू लावायचं तर कलमी घ्या, बियांचं रोप घेतलंत तर फळाची वाट बघत बसाल. पुढची चिठ्ठी द्या.