वाघाच्याच यादीतलं प्रवाळ

[मालवण बंदर, उजाडताना. होड्या, मागे सिंधुदुर्ग किल्ला.]

सकाळचे सात. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी मतलई वारे पाठ केले होते, ते हेच. हा वारा आहे तोवर किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं, आणि थंडीच्या दिवसांत तळ दिसण्याइतकं नितळही. ऊन चढलं की खारे वारे सुटतात, पाणी हलायला लागतं, तळातला गाळ वर येतो आणि हाताच्या अंतरावरचा मासाही दिसेनासा होतो. म्हणून इथल्या स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत तळातलं प्रवाळ पाहायच्या, होड्या सकाळी सुटतात आणि जेवणाच्या वेळेला परत येतात. फेरी अर्ध्या दिवसाची असते, कारण समुद्र तेवढाच वेळ देतो.

[होडीत चढणारी माणसं. नारिंगी लाइफ जॅकेट.]

ही मंडळी नागपूरची. महालातल्या एक निवृत्त शिक्षिका, मानेवाड्याचे दोघे भाऊ, धरमपेठेतलं एक कुटुंब, शाळेतली चार-पाच मुलं. नागपूर ते मालवण म्हणजे जवळपास हजार किलोमीटर. अख्खं वऱ्हाड आणि खानदेश ओलांडून, घाट उतरून, रेल्वेनं कुडाळ आणि तिथून पुढे मालवण. यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलाय तो चौपाटीवरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून. त्याच्या आत डोकं घालून पाहायची ही पहिलीच वेळ.

पण यांची सहल या बंदरावर सुरू झालेली नाही.

[नागपूर. जलतरण तलाव, सकाळ.]

ती सुरू झाली इथे, नागपुरातल्या एका तलावात, निघण्याच्या कितीतरी आधी. शिकायचं होतं फक्त तरंगायला. पोहण्याचा हट्ट कुणी धरला नाही, आणि ते बरोबरच होतं.

[जवळून : मास्क, चेहरा, हात.]

आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं हलकेच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा. रबराखाली केसाची एक बट राहिली तरी पाणी शिरतं. मिशीवाल्यांना त्रास जास्त, कारण रबर मिशीवर बसत नाही. मानेवाड्याच्या थोरल्या भावांनी ओठावर व्हॅसलीन चोळून तो प्रश्न सोडवला. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यानं विसळायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी केलं.

मग नळी. नळीनं श्वास घ्यायचा म्हणजे तोंडानं घ्यायचा, सावकाश आणि खोल. जन्मभराची सवय नाकाची, त्यामुळे सुरुवातीला माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, आणि जितका भराभर घेतो तितका जास्त गुदमरतो. नळीत पाणी गेलं तर डोकं वर काढून खाकरत बसायचं नाही. तोंड पाण्यातच ठेवून जोरात एक फुंकर मारायची, पाणी वरून बाहेर जातं. हे एकदा जमलं की चेहऱ्यावरची भीती उतरताना दिसते. बघा.

[शिक्षिका पहिल्यांदा फुंकर मारून नळी मोकळी करतात. निवेदन नाही.]

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं : आडवं होणं. पाण्यात घाबरलेला माणूस उभा होतो. पाय खाली सोडतो, तळ शोधतो. जमिनीवर वाढलेल्या शरीराला दुसरं सुचतच नाही. तलावात पायाखाली फरशी लागते, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून ती सवय तलावातच मोडायची. जॅकेटचे पट्टे घट्ट, हात पुढे, पोट वर उचललेलं, पाय मागे सरळ. दमलात तर उभं राहायचं नाही, पाठीवर वळायचं आणि आभाळाकडे बघत पडून राहायचं.

या आडवं होण्यावर आम्ही इतका वेळ का घालवतोय, ते पाण्याखाली गेल्यावर दिसेल.

[पुन्हा होडी. किल्ल्याचा तट बाजूने सरकतो.]

होडी सुटताना पोट हलकं हवं. नागपूरकरांनी या एका सकाळी तर्री-पोह्यांचा मोह आवरावा. चहा, एखादं केळं, बस. मळमळायला लागलं तर होडीच्या मधोमध बसून नजर क्षितिजावर ठेवायची.

उजवीकडे दिसतोय तो सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये याचं काम सुरू केलं. तट सुमारे तीन किलोमीटरचा, पाया घालताना शिसं ओतलेलं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. महाराजांना ही जागा पसंत पडली त्यामागे भोवतालचे खडकही होते. पाण्यात दडलेले, माहीतगाराशिवाय गलबत आत येऊच शकणार नाही असे. त्याच खडकांवर आज प्रवाळ आहे. आपण निघालोय तिकडे.

[तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, हात वर करतो. इंजिनाचा आवाज थांबतो.]

पण त्याआधी हे.

[डॉल्फिनची पाठ. पुन्हा पाठ. निवेदन नाही.]

पाठीवर कुबड आणि कुबडावर छोटासा पर, म्हणजे हा हम्पबॅक डॉल्फिन. किनारा सोडून फार आत जात नाही. उथळ पाणी, खाड्यांची मुखं, नदी समुद्राला मिळते ती जागा, हे त्याचं घर. जगभरात त्याची ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदली गेली आहे, आणि कारण हेच की तो आपल्या इतक्या जवळ राहतो. जाळी, होड्या, बंदरं, सांडपाणी, सगळं त्याच्याच वाट्याला.

मागून आलेली दुसरी होडी इंजिन न थांबवता सरळ त्यांच्या रोखानं गेली. डॉल्फिन दूर गेले, ते दिसतंय. हा प्राणी आवाजावर जगतो, आवाजानंच मासे शोधतो आणि आवाजानंच आपल्या पिल्लाला हाक मारतो. आमच्या तांडेलानं इंजिन बंद ठेवलं. मुलं म्हणाली, "दादा, जवळ न्या ना." तो म्हणाला, "तेंका येवचा आसला तर येतले."

आले.

[होडीच्या कडेला दोन डॉल्फिन. मुलांचे चेहरे.]

[पाण्याखाली. पहिला शॉट लांब.]

किल्ल्याच्या आडोशाला, दोन-तीन मीटर पाण्यात. पाठ पिवळसर, अंगावर पाच काळे पट्टे, हे सार्जंट मेजर. इथे सगळ्यात धीट हेच. खडकाच्या कपारीत तोंड उघडं टाकून बसलाय तो गोबरा, मालवणच्या बाजारात ज्याला मोठा मान. चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतोय तो पोपट मासा. कान दिलात तर त्याच्या कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो.

[जवळून : प्रवाळाचा घुमट.]

आणि हे ज्याच्यावर उभं आहे, ते हे. दगड वाटतो ना? नीट पाहा. वरची जाळी मधाच्या पोळ्यासारखी घरा-घरांची, आणि प्रत्येक घरात एक प्राणी. दिवसा आक्रसून बसलेला, रात्री बारीक बोटं बाहेर काढून पाण्यातलं अन्न टिपणारा. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं, प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. त्या बळावर हा प्राणी पाण्यातला चुना वेचून खाली घर बांधत जातो. पोराइटिस नावाच्या घुमटाकार प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे हा जो हातभर उंचीचा घुमट तुम्हाला दिसतोय, तो तुमच्या वडिलांच्या वयाचा असू शकतो.

शैवालाला ऊन लागतं, म्हणून प्रवाळ उथळ पाण्यात वाढतं. आणि उथळ पाण्यात वाढतं, म्हणून ते आपल्या पायाखाली येतं.

[वेगळी तुकडी. पाय, प्रवाळावर उभा. शॉट थांबतो.]

हा माणूस वाईट नाही. त्याला काही मोडायचं नव्हतं. तो घाबरला, उभा झाला, आणि पायाखाली काहीतरी टणक लागलं म्हणून त्याला हायसं वाटलं. आम्ही इथे जे चित्रित केलं त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसलं. प्रवाळ तोडून खिशात घालणारा क्वचित, घाबरून त्यावर उभा राहणारा प्रत्येक होडीत. त्याला होडीवर दिलेल्या सूचना ऐकू आल्या नसतील असं नाही. पण बुडतोय असं वाटणाऱ्याला सूचना आठवत नाहीत, फक्त सवय आठवते.

[नांगर पाण्यात पडतो. पाण्याखालून.]

दुसरी गोष्ट नांगर. होडी एका जागी धरायला तो टाकला जातो. लाटेनं होडी मागे सरली की दोर ताणतो, नांगराचा फाळ घसरत जातो, आणि त्याच्या वाटेत हे येतं.

[प्रवाळावरची ताजी पांढरी खरवड. हळूहळू जवळ.]

[निवेदन नाही.]

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही : तळाशी वाळूत पक्कं वजन आणि वर कायमचा तरंगता बोया. होडीनं येऊन त्याला दोर बांधायचा. आमच्या तांडेलानं नांगर टाकला तो खडकापासून दूर, वाळूत, आणि मग मंडळींना पोहत आणलं. दहा मिनिटं जास्त लागली. ज्यांना तरंगता येतं त्यांनाच असं लांबून आणता येतं, हे त्यानंच आम्हाला सांगितलं.

तिसरी गोष्ट पाव. पाण्यात पावाचा तुकडा टाकला की पट्टेरी माशांचा गराडा पडतो, फोटो सुंदर येतात. पण तेच चार धीट मासे रोज पोसले जातात आणि बाकीच्यांना हुसकतात.

[नागपूर. वनभवन, सिव्हिल लाइन्स. मग ताडोबाच्या वाटेवरची जिप्सी.]

आता थोडं कागदावरचं, कारण ते नागपूरकरांच्या घरचंच आहे. ज्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत ठेवलं, त्याच कायद्याच्या त्याच अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं आहेत. डॉल्फिनही तिथेच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं : एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यात गाभा सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आत. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय या इमारतीत आहे, नागपुरात, जिथून वाघ तासा-दोन तासांवर.

मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, आणि त्यांची बाजू दुबळी नव्हती. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली, तिथे उद्या बंदी आली तर खायचं काय? आज त्याच घरांतली मुलं पर्यटकांना स्नॉर्कल बांधून देतात. जिवंत प्रवाळ आता त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे.

ताडोबात, पेंचमध्ये आपण जिप्सीतून उतरत नाही. खायला टाकत नाही, हाका मारत नाही, वाघ रस्त्यावर बसला असेल तर गाडी थांबवून वाट बघतो. ही शिस्त नागपूरच्या पोरासोरांच्या अंगात आहे. कुणी उतरलं तर बाकीचे पाच जण ओरडतात. तीच शिस्त इथे, या पाण्यात हवी. जंगलात ती पाळणं सोपं, कारण बसायला गाडी असते. पाण्यात गाडी नाही. तिथे आपलं तरंगणं हीच गाडी.

[पाण्याखाली, नागपूरची मंडळी. आडवी, एका रांगेत.]

बघा यांच्याकडे. पाय मागे, हात पुढे. तांडेल पुढे पोहतोय आणि बोट दाखवतोय. धरमपेठेतला मुलगा दमला, पाठीवर वळला, थोडं पडून राहिला आणि पुन्हा पालथा झाला. तळाला कुणाचाही पाय लागला नाही.

[शिक्षिका होडीच्या कडेला धरून, मास्क कपाळावर.]

"मी काहीच नाही केलं बाप्पा. पाण्यानंच धरून ठेवलं मले."

तांडेल : "बाईनू, तुमी उद्या परत येवा. भाडा नको माका."

[पांढरं पडलेलं प्रवाळ, संग्रहातील छायाचित्रं.]

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जागतिक लाटेची चौथी नोंद जाहीर केली. तापमान आपल्या हातात नाही. तगून राहिलेल्या प्रवाळाला टाच आणि नांगर तरी लागू नये, एवढं आहे.

[बंदर, दुपार. वारा सुटलेला, पाणी गढूळ.]

होडी ठरवताना तांडेलाला आधीच विचारा : नांगर कुठे टाकणार, पाण्यात पाव टाकणार का, डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करणार का. चांगल्या तांडेलाला हे प्रश्न आवडतात. अंगभर बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, म्हणजे उन्हापासून वाचायला क्रीम फासून पाण्यात उतरायची गरज पडत नाही. शक्य असेल तर भरतीची वेळ साधा, प्रवाळावर पाणी जास्त असतं.

पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात, आणि पाणी खरं नितळ होतं ते दिवाळीनंतर. तोवर नागपुरात मार्च, एप्रिल, मे आहेत, पंचेचाळीस अंशांचे. त्या दिवसांत तसंही तलावाशिवाय कुठे जावंसं वाटत नाही. मास्क आणि नळी घेऊन जा, आणि पालथं पडायला शिका.