सहा टेकाडांवरची राजधानी

(दृश्य: धुक्यातला चिनलिंग पर्वत, खाली वेई नदीचं खोरं)

फेंगशुई म्हटलं की आपल्याला दारातली विंडचाइम आठवते, नाहीतर शोकेसमधला ढेरपोट्या लाफिंग बुद्धा. चिनी भाषेत फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. बस्स. एके काळी याच वाऱ्या-पाण्याच्या विद्येनं चीनची अख्खी राजधानी, चांगआन (आजचं शिआन), आखली असं म्हणतात.

इसवी सनापूर्वी 202. हान घराण्याचा पहिला सम्राट ल्यू बांग लोयांगमध्ये तळ देऊन आहे. पश्चिम सरहद्दीवर पहाऱ्याला निघालेला लौ चिंग नावाचा साधा शिपाई ओढत आणलेला गाडा बाजूला लावतो आणि भेट मागतो. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट. त्याच्याच मुलखातला एक सरदार म्हणतो, निदान कपडे तरी बदल. हा ऐकत नाही. तसाच आत जाऊन सांगतो: राजधानी पश्चिमेला, वेईच्या खोऱ्यात न्या. दक्षिणेला चिनलिंगची भिंत, पूर्वेला पिवळी नदी आणि हांगूची खिंड. दार लावून घेतलं की आत बिनघोर. दरबारी सगळे पूर्वेकडचे, त्यांना हे रुचेना. पण सल्लागार चांग ल्यांगनं शिपायाची बाजू उचलली आणि सम्राट त्याच दिवशी निघाला.

चांगआनच्या या निवडीत फेंगशुई कुठेच नाही. हा सरळ किल्लेदाराचा हिशोब. पाठीशी डोंगर आणि समोर पाणी हवं, असं फेंगशुई सांगते. दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्या चांगआनच्या सम्राटाला मात्र डोंगर समोर होता आणि नदी पाठीशी!

(दृश्य: आजच्या शिआन शहराचा नकाशा, त्यावर उमटणाऱ्या सहा रेषा)

सुमारे आठशे वर्षांनी त्या जुन्या नगरीच्या विहिरी मचूळ झाल्या. सन 582 मध्ये सुई घराण्याचा सम्राट वेन यानं शेजारीच, आग्नेयेला, नवं शहर बांधायचा हुकूम सोडला. आखणी युवेन काय या स्थापत्यकाराची. त्या जमिनीवर पूर्व-पश्चिम पसरलेली सहा लांबट टेकाडं होती. युवेन कायला त्यांत ‘ई चिंग’ या शकुन पाहण्याच्या प्राचीन ग्रंथातलं पहिलं चिन्ह दिसलं: एकाखाली एक सहा अखंड रेषा. दुसरी रेषा राजाची, तिथे महाल. तिसरी कर्तबगार माणसांची, तिथे कचेऱ्या. पाचवी इतकी थोर की तिथे सामान्यांची वस्ती नको, म्हणून एका अंगाला बौद्ध विहार आणि दुसऱ्या अंगाला ताओ मंदिर. शहर साधारण 84 चौरस किलोमीटरचं, मधला राजरस्ता दीडशे मीटर रुंद.

ग्रंथ बरोबर असेल, पण महालाची जागा सखल निघाली. ओल धरायची. सुईनंतरच्या तांग घराण्यातल्या सम्राट काओत्सुंगला वाताचा त्रास, त्याला तो दमटपणा सोसेना. सन 662 मध्ये त्यानं ईशान्येच्या उंचवट्यावर तामिंग महालाचं काम लावलं आणि पुढच्या वर्षी तिकडे मुक्काम हलवला.

(दृश्य: पिवळ्या नदीच्या पात्रातले खडक, फेसाळतं पाणी)

खरी अडचण मात्र पोटाची होती. एवढ्या माणसांना खोऱ्यातलं धान्य पुरेना. पूर्वेचं धान्य नावेतून यायचं, पण वाटेत सानमेनचे खडक. तिथे नदीच्या तीन धारा होतात, त्यांची नावं माणसाचं दार, देवाचं दार आणि भुताचं दार. कित्येक नावा तिथेच फुटत. दुष्काळ पडला की सम्राट लवाजम्यासकट लोयांगला जेवायला जाई म्हणा ना.

सन 709 मध्येही तेच सुचवलं गेलं. धान्य ओढून ओढून बैल मरत होते. पण वेई महाराणीचं माहेर चांगआनजवळचं, तिला हलायचं नव्हतं. मग एका मांत्रिकानं सम्राटाला सांगितलं, यंदा पूर्वेचा प्रवास अशुभ आहे. तरीही लोक विनवू लागले तेव्हा सम्राट चुंगत्सुंग भडकला: धान्यामागे धावणारा सम्राट कुठे असतो का?

सन 904. सरदार चू वेननं सम्राटाला जबरदस्तीनं लोयांगला हलवलं आणि चांगआनचे महाल, कचेऱ्या, घरं उतरवली. लाकूड वेईच्या पाण्यात सोडलं. तुळया आणि खांब वाहत पिवळ्या नदीला लागले, पूर्वेकडे.