वहीतला संप

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमाच्या आधी थेटरात समाचारचित्र दाखवायचे, ते आठवणारे अजून बरेच जण ऐकत असतील. काळापांढरा पडदा, धरणावरून पाणी कोसळतंय, मंत्री फीत कापतायत, आणि वरून एक भारदस्त आवाज. फिल्म्स डिव्हिजनचा. १९४८ साली ही संस्था आपल्या मुंबईत सुरू झाली. आमच्या वडिलांचं गणित पक्कं होतं. समाचारचित्र म्हणजे एक बटाटावडा आणि अर्धा कप चहा, तेवढ्यात बाहेर जाऊन यायचं. पण तो आवाज बाहेरही ऐकू यायचा. कधी अडखळायचा नाही. ‘बहुधा’ हा शब्द त्याच्या गावीच नव्हता. मीही आवाजावरच पोट भरतो, तेव्हा हे जरा जपून बोलतोय.

आज बोलायचंय माहितीपटांबद्दल. एखाद्या समाजाचा इतिहास सांगणारे, आणि ज्या इतिहासावरून भांडण अजून मिटलेलं नाही, असे. ते बघताना मी दोनच गोष्टी बघतो. कोण बोलतंय, आणि कोण गप्प आहे. पुन्हा सांगतो, कोण बोलतंय, आणि कोण गप्प आहे.

दुखणं जुनंच आहे. १९२२ साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांवर ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ केला. जग हरखून गेलं. त्यात बर्फाच्या घरात एक कुटुंब झोपायची तयारी करतंय. पण बंद घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून घर बांधलं अर्धंच, एक बाजू उघडी. कुटुंबही जुळवलेलं. त्या शिकाऱ्याचं खरं नाव अल्लाकरिअल्लाक, नानूक हे पडद्यावरचं. त्याच्या लोकांकडे तोवर बंदुका आलेल्या होत्या, पण पडद्यावर हातात भाला, कारण दिग्दर्शकाला त्यांच्या बापजाद्यांचे दिवस हवे होते. त्या माणसाला काय हवं होतं, ते फिल्ममध्ये नाही.

असो. मला सांगायचीय ती लालबागची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी, गणपतीत, एका चाळीच्या चौकात माहितीपट दाखवायचा ठरला. केला होता चाळीतल्याच एका मुलीनं, गिरणी कामगाराच्या नातीनं. विषय अर्थात संप. दोन बांबूंना चादर बांधली होती. चादर डबल बेडची आणि एका कोपऱ्यात निळी फुलं, त्यामुळे पडद्यावर उजवीकडे बसून जो बोलेल त्याच्या कानात फूल. खाली सतरंज्या, वर गॅलऱ्यांतून माणसं वाकलेली.

फिल्म सुरू झाली. निवेदकाचा आवाज आला, अगदी समाचारचित्रातला. ‘१८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार एकदिलाने संपावर गेले.’ टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तात्या होते, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, उभी हयात गेलेले. ते तर उठून उभेच राहिले.

तेवढ्यात मागून मावशी बोलल्या. मावशींची खानावळ होती. गावाहून एकटे आलेले कामगार महिन्याच्या हिशोबावर जेवायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. गिरणगावात अशा खानावळी घरोघर होत्या, तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मावशी म्हणाल्या, “अगं पोरी, अठरा तारखेचं मला ठाऊक नाही. माझा संप लागला फेब्रुवारीत. पगाराचा दिवस आला आणि पंचवीस जणांतला एकही हिशोब करायला आला नाही, त्या दिवशी.”

तात्या म्हणाले, “मावशी, इतिहास चाललाय. मधे बोलू नका.”

मावशी उठल्या. सगळ्यांना वाटलं, रागावून गेल्या. त्या परत आल्या त्या एक वही घेऊन. लाल पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेल्या. फिल्म थांबवली, कुणीतरी मोबाइलची बॅटरी धरली. पानापानांवर नावं, नावापुढे गाव. पाटण, देवरूख, गडहिंग्लज. नावापुढे आकडे. आणि काही नावांवर फुली.

“फुली कसली?” तात्यांनी विचारलं.

“ज्यांनी पैसे आणून दिले त्यांची.”

“कधी?”

“त्याच साली. पावसाळ्यात, दिवाळीला.”

श्रोतेहो, चौकात काय शांतता पसरली म्हणता! संपाच्या ऐन मध्यात ज्याच्या हातात पैसा आला, तो कुठून आला? एक तर गावची जमीन विकून, नाही तर गिरणीत जाऊन. आणि लालबागमध्ये तेव्हा आत जाणाऱ्याला काय म्हणायचे, ते रेडिओवर सांगता येणार नाही.

दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला. “मी गेलो होतो आत. जुलैत. मावशींचे पाच महिने थकले होते. पोरं गावी होती, पण मी इथं कुणाच्या जिवावर जेवत होतो?”

तात्या वर बघत राहिले. त्या माणसाशी ते तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते. मग खाली वहीकडे बघून म्हणाले, “मावशी, माझ्या नावावर फुली नाही?”

“तुझ्या नावावर कशी असेल? तू कुठं दिलेस?”

अख्खी चाळ हसली. तात्याही हसले, जरा उशिरानं.

ती मुलगी कॅमेरा आणायला धावली. वरचा माणूस म्हणाला, “उभ्या चाळीत सांगितलं, तेवढं बास.” कॅमेऱ्यापुढे तो शेवटपर्यंत आला नाही. तिनं फिल्म पुन्हा जुळवली तेव्हा दोनच बदल केले. निवेदनातला ‘एकदिलाने’ हा शब्द काढला. आणि वहीचं एक पान दाखवलं, बराच वेळ, वरून कसलाही आवाज न घालता. बासरीसुद्धा नाही. दुःख आलं की बासरी लावायची ही जी खोड आहे ना, तिच्यावर खरं तर सेन्सॉर बसवायला हवा.

सेन्सॉरवरून आठवलं. २००४ साली इथल्या सरकारी महोत्सवातून बऱ्याच अडचणीच्या फिल्म वगळल्या गेल्या, तेव्हा दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा आपला वेगळा महोत्सव भरवला. फिल्म दाखवायला मोठं थेटर लागत नाही. चादरही चालते, फुलांची असली तरी.

गिरणगावावरच बघायचं असेल तर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ बघा, २००१ सालचा. नारायण सुर्वे यांच्या कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रं त्यात आहेत. आणि बघताना काय बघायचं? कोण बोलतंय, आणि कोण गप्प आहे.

तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गिरण्या गेल्या, टॉवर आले, पण संप कागदावर तसाच. मावशींच्या वहीतही तसाच. मी रेडिओवर बोलतो हे कळल्यावर त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय, तेव्हा ते उरकून घेतो.

पाटणकडे कुणी ऐकत असेल, आणि १९८२ साली लालबागला मावशींकडे जेवत असेल, तर त्रेसष्ट रुपये राहिलेत. मावशी म्हणाल्या, पैसे नकोत. फुली मारायचीय, तेवढं येऊन जा.