दोन बाटल्या, एक सही

पहाटेचे साडेपाच. ऑगस्टचा भुरभुर पाऊस चालूच आहे आणि आपण भैरोबा नाल्याकडून पुणे रेसकोर्सच्या मागच्या अंगाला आलोय. स्टँडची बाजू सगळ्यांच्या बघण्यातली आहे, शनिवार-रविवार पैसे लावायच्या टोटच्या खिडकीपुढे रेसकार्डात डोकं घालून उभी असलेली माणसं वगैरे. ही बाजू तबेल्यांची. इथला वासच वेगळा, ओलं गवत, लीद, जई, आणि कुठेतरी स्टोव्हवर उकळत असलेला चहा. कोर्स १८३० सालचा, जमीन लष्कराची, रेस चालवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पावसाळा लागला की मुंबईचे घोडे घाट चढून इकडे येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत इथेच मुक्काम.

पण आज रेस दाखवायची नाहीये. रेस संपल्यावर जे होतं ना, जे टीव्हीवर कधीच येत नाही, ते दाखवायचंय.

घोडा जिंकला. मालक फोटोला उभा राहिला, जॉकी खोगीर घेऊन वजनकाट्यावर गेला. आणि घोडा? त्याला थोडा फिरवून घाम उतरवतात आणि मग सॅम्पल घ्यायच्या खोलीत नेतात. आत स्वच्छ पेंढा टाकलेला असतो, एक माणूस लांब दांड्याचं भांडं घेऊन कोपऱ्यात गप्प उभा असतो, आणि घोड्याचा सईस, म्हणजे त्याची देखभाल करणारा माणूस, हळू आवाजात शीळ घालत असतो. हो, शीळ. लहानपणापासून सवय लावलेली असते, शीळ ऐकली की घोडा लघवी करतो. कधी दोन मिनिटांत, कधी तासभर काहीच नाही, आणि झालंच नाही तर रक्त घेतात.

हे काका असेच एक सईस, नाव सांगू नका म्हणाले, मूळचे बार्शीकडचे, चाळीस वर्षं घोड्यांत गेली. "आवो ताई," ते म्हणतात, "घोडं जिंकलं की मालक फोटोला, जॉकी वजनाला, आन् आपण शीळ घालायला. त्याचं व्हईस्तोवर तोच साहेब."

झालं की भांड्यातलं दोन बाटल्यांत भरतात. ए आणि बी. दोन्हीवर सील, दोन्हीवर नंबर, घोड्याचं नाव कुठेच नाही, कारण लॅबमधल्या माणसाला हे कुणाचं पाणी आहे ते कळता कामा नये. आणि मग कागद पुढे येतो. ट्रेनर किंवा त्याचा माणूस सही करतो, की माझ्यासमोर भरलं, माझ्यासमोर सील केलं. एवढीच सही. पण पुढे प्रकरण झालंच तर सगळं या सहीपासून सुरू होतं, कारण आता तो 'ही बाटली माझ्या घोड्याची नाही' असं म्हणू शकत नाही.

ए बाटलीत काही सापडलं तर ट्रेनरला कळवतात, त्याला हवं असेल तर बी बाटली तपासली जाते, आणि तीही तेच बोलली की स्टुअर्ड्सची, म्हणजे रेसच्या पंचांची, चौकशी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळे वाद इथेच होतात. कोर्टात कसं असतं, चोरी केली हे सरकारनं सिद्ध करायचं. इथे तसं नाही. घोड्याच्या अंगात बंदी असलेलं काही सापडलं म्हणजे ट्रेनर जबाबदार. त्यानं दिलं का, सईसानं दिलं का, डॉक्टरनं दिलं का, की आपोआप पोटात गेलं, हे सगळं शिक्षा किती द्यायची त्या वेळी बघू. 'तू दिलंस' हा एक आरोप आणि 'असा घोडा तू रेसला आणलास' हा दुसरा आरोप, आणि दुसऱ्यातून सुटणं जवळजवळ अशक्य.

आता तुम्ही म्हणाल हा अन्याय आहे. मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी दुसरीकडची गाजलेली प्रकरणं वाचत बसले, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणात चांगलीच अडकले.

पीटर मूडी. नाव ऐकलं नसेल तर त्याची घोडी ऐकली असेल, ब्लॅक कॅव्हियार, पंचवीस रेस पळली, पंचवीसही जिंकली. म्हणजे हा काही गल्लीबोळातला ट्रेनर नव्हे. ऑक्टोबर २०१४, मेलबर्नचा फ्लेमिंग्टन कोर्स, टर्नबुल स्टेक्स, त्याचा लिडारी नावाचा घोडा दुसरा आला. जिंकलासुद्धा नाही! सॅम्पलमध्ये कोबाल्ट निघालं, त्या वेळच्या मर्यादेच्या वर. मर्यादा होती लघवीत लिटरला २०० मायक्रोग्रॅम, पुढे ती १०० वर आणली. कोबाल्ट हा धातू आहे, व्हिटॅमिन बी-१२ मध्येच असतो, त्यामुळे थोडा तर प्रत्येक घोड्यात सापडणारच, पण खूप दिला तर शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय असं वाटतं आणि ते लाल पेशी वाढवायला लागतं, निदान द्यायचं ते या आशेनं देतात. घोडा यानं खरंच जास्त पळतो का याचा पुरावा तसा पातळच आहे, पण डोस चढला तर जनावर थरथरतं, घाम फुटतो, हृदयावर ताण येतो, हे मात्र दिसलेलं आहे.

मूडीचं म्हणणं काय, तर घोड्याचे खुर खराब होते, खुरांसाठी एक पावडर चंदीत, म्हणजे घोड्याच्या खुराकात, घालत होते, त्यात कोबाल्ट असतं, आणि तबेल्यातल्या कामगाराच्या हातून ती प्रमाणाबाहेर पडली. झालं, वर्षाहून जास्त काळ यावर खल. किती चमचे, कुठला चमचा, वहीत लिहिलं होतं का, कुणी बघितलं होतं. जगातल्या सगळ्यात वेगवान घोडीचा ट्रेनर आणि चर्चा चमच्याची! मार्च २०१६ मध्ये निकाल आला. मुद्दाम दिलं असं शिस्तपालन मंडळानं मानलं नाही, तरी शिक्षा झाली, सहा महिने बाहेर. तो म्हणाला मी ट्रेनिंगच सोडतो, आणि खरंच काही वर्षं सोडलं, नंतर परत आला.

त्याच काळात तिथल्याच डॅनी ओब्रायनला कोबाल्टवरूनच चार वर्षांची बंदी झाली होती, ती अपिलात उडाली, आणि २०१९ चा मेलबर्न कप त्याच ओब्रायनच्या वाव अँड डिक्लेअरनं जिंकला. चार वर्षं तशीच राहिली असती तर तो कप कुणाच्या तबेल्यात गेला असता, सांगा.

हे वाचून मी काकांकडे गेले, म्हटलं काका, तुमच्याकडे चमचा कोण मोजतं? ते हसले. मग चंदीच्या खोलीत घेऊन गेले. कुलूप असलेली खोली, आत जईची पोती, कोंडा, लसूणघासाच्या पेंढ्या, भिंतीवर खिळ्याला लटकवलेला मापाचा डबा, त्याच्या कडेला खडूनं रेघ. "ह्यो डबा आन् ही रेघ," ते म्हणाले. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध? त्याची वही वेगळी, ती ट्रेनरच्या ऑफिसात. म्हणजे घोड्याच्या पोटात काय जातं ते काकांच्या हातात, आणि काय गेलं ते लिहिलेलं असतं ऑफिसात, आणि परवाना तिसऱ्याच माणसाच्या नावावर. माझ्या मते ही चौकशी खरं तर या तीन जागांमधल्या अंतराचीच असते.

अजून गंमत म्हणजे धोका नेहमी औषधाच्या बाटलीतूनच येतो असं नाही. २०१४ मध्येच इंग्लंडच्या राणीची एस्टिमेट नावाची घोडी अ‍ॅस्कॉट गोल्ड कपला दुसरी आली आणि तिच्या सॅम्पलमध्ये मॉर्फिन! राणीच्या घोडीत! चौकशीत निघालं की चंदीत खसखशीच्या झाडाचा अंश मिसळलेला होता. दुसरा नंबर गेला, बक्षिसाचे पैसे गेले. खसखस म्हणजे आपल्या अनारशांवरची, आता विचार करा, सीझन संपता संपता दिवाळी, आणि कुणीतरी प्रेमानं उरलेला अनारसा घोड्यापुढे धरला तर. धोतऱ्याचं तसंच. रस्त्याच्या कडेला उगवतो, आपण महादेवाला वाहतो, पण गवताच्या पेंढीत एखादं झाड कापून आलं की घोड्यात अ‍ॅट्रोपिन सापडतं. चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनसाठी तर आंतरराष्ट्रीय मर्यादाच ठरवलेली आहे, लघवीत मिलिलीटरला २ मायक्रोग्रॅम, कारण कोकोची टरफलं चंदीत येऊ शकतात. आणि हे जरा लाजिरवाणं आहे पण सांगते, तबेल्यात माणसांनी लघवी करायची नाही, ही सूचना ठिकठिकाणी असते ती नुसती स्वच्छतेसाठी नाही. माणूस पाठदुखीची गोळी खाणार, पेंढ्यावर मोकळा होणार, घोडा तो पेंढा चघळणार.

आणि मशीन इतकी बारीक झालीयेत की बोलायची सोय नाही. अमेरिकेतल्या २०२१ च्या केंटकी डर्बीत मेडिना स्पिरिट पहिला आला, त्याच्यात बीटामेथासोन सापडलं, मिलिलीटरला २१ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. बीटामेथासोन म्हणजे आपल्याकडे खाज आली की लावतात त्या मलमांमधलं औषध. ट्रेनर बॉब बॅफर्ट आधी म्हणाला आम्ही हे कधी दिलंच नाही, मग दोन दिवसांत म्हणाला घोड्याच्या अंगावर पुरळ होतं त्याचं मलम लावलं होतं, त्यात असेल. माझ्या मते त्याचं हसं झालं ते औषधापेक्षा या दोन वाक्यांमुळे. ९० दिवस निलंबन, साडेसात हजार डॉलर दंड, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये डर्बी काढून घेतली. घोडा तोवर जिवंतच नव्हता, डिसेंबरमध्ये सकाळच्या वर्कनंतर, म्हणजे पळायच्या सरावानंतर, मेला होता.

एवढं ऐकून वाटेल की सगळे ट्रेनर बिचारे. छे! इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचा महमूद अल झरूनी, दुबईच्या शेखांच्या गोडॉल्फिन तबेल्याचा ट्रेनर, म्हणजे पैशाची ददात नाही, हाताशी डॉक्टर, सगळं. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या अकरा घोड्यांत अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड सापडलं. त्यानं कबूल केलं, आणि वर म्हणाला की ते घोडे त्या वेळी रेस पळत नव्हते म्हणून हे चुकीचं आहे ते मला कळलं नाही. आठ वर्षं बंदी. इथे चमचा नव्हता, मलम नव्हतं, खसखस नव्हती. आणि आता तो मघाचा कडक नियम परत बघा. 'कुणी दिलं ते आधी सिद्ध करा' असा नियम असता ना, तर प्रत्येक अल झरूनीनं एक सईस पुढे केला असता. सईस कबूलही झाला असता, घर चालवायचंय त्याला.

काकांनी हे ऐकलं आणि बराच वेळ नुसताच खरारा करत राहिले. मग म्हणाले, त्यांनी असं एक प्रकरण जवळून बघितलंय. कुठल्या सालचं, कुठल्या कोर्सवरचं ते सांगितलं नाही. ट्रेनरचा परवाना काही महिने गेला, घोडे दुसऱ्या ट्रेनरकडे गेले, तो नवीन ट्रेनर स्वतःची माणसं घेऊन आला. "चौकशीत माझं नाव कुटंच नव्हतं," काका म्हणाले, "शिक्षा बी नाय. फकस्त काम गेलं." त्या घोड्याला काय दिलं होतं? "डॉक्टरनं दिलेलं औषिद, सात दिवसांत उतरंल म्हनला, नाय उतरलं." बस, एवढंच. असं होतं खरं, एकच औषध एका घोड्यातून पाच दिवसांत जातं आणि शेजारच्या ठाणातल्या घोड्यात दहाव्या दिवशी सापडतं, आणि ट्रेनर बसतो रेसची तारीख आणि इंजेक्शनची तारीख यांची वजाबाकी करत.

जाता जाता एक. इथून हडपसर काही लांब नाही. तिथली सीरम इन्स्टिट्यूट १९६६ ची, पूनावालांच्या स्टड फार्ममधूनच ती कल्पना निघाली, फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईला हाफकिन संस्थेला सीरमसाठी, म्हणजे रक्तातून औषध काढायला, द्यायचे, मग वाटलं आपणच का बनवू नये. म्हणजे याच शहरात एकीकडे घोड्याच्या रक्तातून औषध काढायचं आणि दुसरीकडे घोड्याच्या रक्तात औषध सापडलं तर परवाना काढून घ्यायचा. पुणं आहे, चालायचंच.

साडेसात झाले. वर्क संपलं, घोडे धुवून झाले, पाऊस थांबला. आमच्या कॅमेऱ्याच्या पोरानं खिशातून चॉकलेट काढलं, अर्धं मोडलं आणि घोड्यापुढे हात केला. काकांनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. "रविवारी पळतोय त्यो," म्हणाले. मग ते अर्धं चॉकलेट त्याच्या हातातून घेतलं, स्वतःच खाल्लं, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, लुंगीला पुसले, आणि मग घोड्याच्या तोंडाला हात लावला.